बरगडीबहाद्दराचा अर्ज

४ फेब्रुवारी

दादा,

दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. बावीस वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर दिसल्यावर तुझ्या मनात आधी तेच येणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. मी धडधाकट आहे, गुडघे सोडले तर.

कामाचं लिहिते. सोबत एक फॉर्म जोडलाय. बॉक्सिंग संघटनेच्या हॉल ऑफ फेमसाठी या वर्षी तुझं नाव सुचवलं गेलंय. कुणी सुचवलं ते विचारू नकोस. मीच. मी निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन दिवस संघटनेच्या दफ्तरखोलीत जुने कागद लावायला जाते, आणि मानद सभासद म्हणून एक नाव सुचवायचा मला हक्क आहे. तो मी आजवर कधी वापरला नव्हता.

हॉल म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नकोस. तळमजल्यावर पूर्वी वजनकाटे ठेवायचे ना, ती लांब खोली. पंखा अजून तसाच खडखडतो. भिंतीवर एकोणीस फोटो आहेत. त्यातल्या चौघांना तू हरवलंयस आणि चौघंही तिथून असे हसतायत की जसं काही तू त्यांच्या आयुष्यात आलाच नव्हतास. मला रोज त्यांच्या पुढून जावं लागतं. माझं डोकं फिरतं.

फॉर्ममध्ये अठरा प्रश्न आहेत. सतरांची उत्तरं मी लिहिली. सत्तेचाळीस लढती, अडतीस विजय, सात पराभव, दोन बरोबरी. सातही पराभव गुणांवर. दहा मोजून होईपर्यंत तू एकदाही खाली राहिला नाहीस, हे मी दोनदा अधोरेखित केलंय. फक्त चौदावा प्रश्न तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय: 'नियोजित लढतीतून माघार घेतली असल्यास कारण.' तेवढं लिही, खाली सही कर, पाकीट परत पाठव. तिकीट लावलेलं आहे. अंतिम तारीख तीस एप्रिल.

बावीस वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, ते मी मनात धरलेलं नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

दादा,

फॉर्म मिळाला. कोराच मिळाला. वर चिठ्ठी: 'फॉर्म परत पाठवतोय. गुडघ्यांना शेक दे.'

बास? आणि ती चिठ्ठीसुद्धा वहिनीच्या अक्षरात! बहिणीला सहा शब्द लिहायलाही आता लेखनिक लागतो का? आळशीपणाची हद्द झाली.

तुला वाटत असेल, हिला रिकामपणाचे उद्योग. मग ऐक. परवा दफ्तरखोलीत दोन नवे कारकून जेवायला बसले होते. एक म्हणाला, 'हे कपाट कोण रे?' तुला रिंगमध्ये कपाट म्हणायचे, कारण तुला कुणी जागचं हलवू शकत नव्हतं, हे त्या पोराला सांगायला मी तोंड उघडणार, तोच दुसरा म्हणाला, 'तो नाही का, बरगडीबहाद्दर! अजिंक्यपदाच्या लढतीच्या आदल्या दिवशी बरगडी मोडली म्हणून पळाला आणि पुढच्या रविवारी लोखंडी कपाट पाठीवर घेऊन जिना उतरताना सापडला.' दोघं खिदळले. त्याने तो फोटो मोबाइलवर शोधूनसुद्धा काढला. खालचा मथळा अजून वाचता येतो: 'कपाट उचलतंय कपाट, बरगडी गेली कुठं?'

या पोरांचा जन्मसुद्धा झाला नव्हता तेव्हा. तुझी एक लढत त्यांनी पाहिलेली नाही. सत्तेचाळीस लढती सोडून त्यांना माहीत आहे ती एकच, जी तू खेळलाच नाहीस.

मला कळत नाही, तू मुकाट्याने ऐकून घेतोस तरी कसं. पुन्हा फॉर्म पाठवतेय. या वेळी दोन प्रती. एक फाडायची हौस असेल तर फाड, दुसरीवर सही कर.

तुझी धाकटी

६ मार्च

दादा,

तुझी सही नसतानाही मी नाव पुढे रेटलं. काल समितीची पहिली बैठक झाली. जुन्या नोंदी मी सांभाळते म्हणून मला खुर्ची मिळाली, मत नाही.

समितीत पाच जण. अध्यक्ष म्हणजे आपले निवृत्त पंच. अजूनही ते बोलताना समोरच्या दोघांच्या मध्ये हात घालतात. मग तो वार्ताहर, ज्याने 'बरगडीबहाद्दर' हा शब्द काढला. आता त्याचे केस पांढरे झालेत, जीभ तशीच आहे. तिसऱ्या डॉक्टरबाई. उरलेले दोघं व्यवस्थापक, एकमेकांकडे बघून हात वर करणारे.

वार्ताहरानेच सुरुवात केली. 'अजिंक्यपद एकदाही नाही. दोन माजी विजेत्यांना हरवलं, पण ते दोघंही उतरणीला लागलेले. बाराव्या फेरीपर्यंत गेला तो एकदाच, तिथंही तीन परीक्षकांपैकी दोघं विरुद्ध. आणि दुसरी संधी आली तेव्हा पळ काढला. मला सांगा, याला भिंतीवर लावायचं ते कशासाठी?'

मला राहवलं नाही. म्हटलं, 'भिंतीवरच्या सात नंबरच्या माणसाने निम्म्या लढती टॅक्सीवाल्यांशी खेळल्या. माझ्याकडे यादी आहे.'

अध्यक्ष म्हणाले, 'बाई, तुम्हाला मत नाही.'

म्हटलं, 'मत नाही, यादी आहे.'

गंमत पुढेच आहे. तोच वार्ताहर थोड्या वेळाने म्हणाला, 'एक गोष्ट मात्र कबूल. शेवटच्या काही वर्षांत याने ती सात घावांची साखळी काढली. डावा, डावा, पोट, उजवा, हनुवटी, पोट, डावा. अशी उलटीसुलटी रचना मी ना आधी पाहिली ना नंतर. पोटानंतर डोकं येईल असं वाटावं तर पुन्हा भलतंच. त्या साखळीला काही तर्कच नव्हता, म्हणून ती कुणाला अडवता आली नाही. बॉक्सिंगला याची देणगी म्हणावी तर ती एवढीच.' अध्यक्षांनी मान डोलवली आणि मला म्हणाले, 'लिहून घ्या: मौलिक रचना.'

मी लिहून घेतलं. मान खाली घालून लिहिलं, कारण वर बघायची सोय नव्हती. समोर डॉक्टरबाई बसल्या होत्या आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या.

शेवटी सगळं चौदाव्या प्रश्नापाशी येऊन अडलं. अध्यक्ष म्हणाले, माघारीचं खरं कारण लेखी आलं तर विचार करू. म्हणजे चेंडू तुझ्याकडे. हात जोडून सांगते, लिही काहीतरी.

तुझी धाकटी

७ मार्च

दादा,

कालचं पत्र टपालात टाकल्यावर वाटलं, 'काहीतरी लिही' म्हणायला नको होतं.

म्हणजे, काय लिहायचं ते आधी मला कळव. एवढंच.

२२ मार्च

दादा,

सुटलो!

काल दुपारी डॉक्टरबाई दफ्तरखोलीत आल्या. दार लोटून घेतलं, स्टुलावर बसल्या. त्यांचंही आता वर्षभरच उरलंय निवृत्तीला. म्हणाल्या, 'बाई, त्या दिवशी त्यांची तपासणी मी केली होती. बरगडीला तडा होता, असं प्रमाणपत्र मी देऊ शकते. तडा गेलेल्या बरगडीने माणूस कपाट उचलू शकतो, फार दुखतं एवढंच. त्यांनी फॉर्मवर तसं लिहायचं, मी दुजोरा द्यायचा. विषय संपला.'

मी विचारलं, 'तुम्ही हे का करताय?'

म्हणाल्या, 'तुम्ही आणि मी, दोघींनीही हे मिटवायला हवं. नाही का?'

मी फार खोलात शिरले नाही. प्रमाणपत्र सोबत आहे, शिक्क्यासकट. चौदाव्या प्रश्नापुढे मी पेन्सिलीने 'बरगडीस तडा' असं लिहिलंय, तू त्यावरून शाईने गिरव आणि सही कर. तिघांची मतं पुरतात. डॉक्टरबाई आहेत, अध्यक्ष कागद बघून विरघळतात, आणि व्यवस्थापकांपैकी एकाचा हात वर गेला की दुसऱ्याचा आपोआप जातो. तू भिंतीवर लागलास म्हणून समज. फोटो कोणता लावायचा तेही मी ठरवलंय. घाम पुसतानाचा. त्यात तू माणसासारखा दिसतोस.

तुझी धाकटी

५ एप्रिल

दादा,

तुला अक्कल नावाची गोष्ट कुणी दिली आहे का नाही?

प्रमाणपत्राचे दोन तुकडे आणि चिठ्ठी: 'बरगडी मोडली नव्हती. एकदा खोटं बोललो ते तुझ्यासाठी. भिंतीवर लटकायला पुन्हा बोलणार नाही.'

वा! तेव्हा खोटं बोललास, सगळ्या जगाने तुझ्या तोंडावर शेण फेकलं तरी तेच धरून बसलास, आणि आज तेच खोटं शिक्कामोर्तब होऊन चालत आलंय, तर महाराजांना आता सत्य आठवलं! लहानपणीही असंच. मार खायचा असेल तेव्हा गप्प, आणि मिठाई वाटायची वेळ आली की 'मी नाही केलं' म्हणून मागे सरकायचं. तुझ्या या स्वभावाने मी जेरीस आले आहे. तुझ्याशी कसं वागायचं हे मला साठ वर्षांत कळलेलं नाही.

मी तीन पानं लिहिली होती, ती फाडली. त्यात तुला इतकं बोलले होते की वहिनीने वाचलं असतं तर मला दारात उभं केलं नसतं.

'तुझ्यासाठी' हा शब्द लिहायची काही गरज होती का? मला काय माहीत नाही?

आणि एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू बावीस वर्षांत एक ओळ पाठवली नाहीस. ते खोटं आहे. तू चार पत्रं पाठवलीस. चारही माझ्याकडे आहेत, कपड्यांच्या खणात. मी ती उघडली नाहीत.

१२ एप्रिल

दादा,

आठवडाभर झोप धड नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी आज सगळं लिहून काढणार आहे. समितीपुढे बोलायचं तर आधी एकदा कागदावर तरी जमतंय का, ते बघायचंय. चुकलं तर मधे बोलू नकोस.

छत्तिसाव्या लढतीत तुझ्या डाव्या डोळ्यात त्या माणसाचा अंगठा गेला. महिन्याभरात त्या डोळ्याने दिसायचं बंद झालं. एका डोळ्याच्या माणसाला कुणी रिंगमध्ये उतरू देत नाही. संघटनेच्या वैद्यकीय विभागात कारकून कोण? मी. तपासणीचा तक्ता कुणाच्या खोलीत? माझ्या. त्या तक्त्यावर अक्षरंही नव्हती, तीन दातांच्या फणीसारखा एकच आकार पुन्हा पुन्हा. दात कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सातव्या ओळीपर्यंत वाचलं की पास.

वरच्या ओळी तू दोन दिवसांत पाठ केल्यास. सातवी मात्र तुझ्या डोक्यात बसेना. सात आकार, रोज एकदा तरी चुकायचास. मग मी म्हटलं, दादा, हे वाचू नकोस, मार. डावीकडे म्हणजे डावा ठोसा. उजवीकडे म्हणजे उजवा. वर म्हणजे हनुवटी. खाली म्हणजे पोट. तू उठलास आणि माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, हवेत मारलंस: डावा, डावा, पोट, उजवा, हनुवटी, पोट, डावा. पुन्हा कधी चुकला नाहीस. सराव घेताना उस्तादांनी तुला पोत्यावर तेच मारताना पाहिलं आणि विचारलं, 'हे कुठून काढलंस?' तू म्हणालास, 'सुचलं.' आपण दोघं त्या संध्याकाळी इतके हसलो होतो की शेजारची दार वाजवायला आली.

ती तुझी मौलिक रचना. समितीच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे.

अकरा लढती तू एका डोळ्याने खेळलास. आठ जिंकलास. बारा फेऱ्यांची ती अजिंक्यपदाची लढत, ज्यात दोन परीक्षक विरुद्ध गेले, तीसुद्धा त्यातलीच. डावीकडून येणारं तुला काहीच दिसत नव्हतं आणि तरी बारा फेऱ्या तू उभा राहिलास. मी खुर्चीत बसून मोजत होते. प्रत्येक तपासणीला पास व्हायचास आणि मला वाटायचं मी तुझ्यावर उपकार करतेय. तुझा दुसरा डोळा जाऊ शकला असता. तू मरू शकला असतास. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. मला भाऊ विजेता व्हायला हवा होता.

मग दुसरी संधी आली. तपासणीला नव्या डॉक्टरबाई. तू उजवा डोळा झाकलास, सातवी ओळ खाडखाड म्हटलीस. त्या म्हणाल्या, पुन्हा म्हणा. तू पुन्हा तीच, तितक्याच जोरात. तक्त्यावर तसं काहीच नव्हतं. तक्ता नवा होता.

त्यांनी तुला सांगितलं, तक्ता कुणी दिला त्याचं नाव सांगा, नाहीतर स्वतःहून माघार घ्या, मी काही लिहिणार नाही. तू म्हणालास, बरगडी मोडली. इथवर तुला माहीत आहे.

आता जे तुला माहीत नाही ते. तो नवा तक्ता मी मागवला होता.

दर वर्षाअखेरीला मी विभागाची यादी करायचे. फुटलेले पेले, झिजलेले ताणकाटे, पिवळे पडलेले कागद. जुना तक्ता पिवळा पडला होता. मी नेहमीसारखं लिहिलं, 'तक्ता जीर्ण, बदलावा', सही केली आणि पुढच्या ओळीवर गेले. मला क्षणभरही सुचलं नाही. अकरा वेळा ज्या तक्त्याने तुला तारलं, तोच मी टापटिपीच्या नादात भंगारात काढला. नवा आला त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे होते. शिपायाने टांगला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई मला म्हणाल्या, 'तक्ता तुम्हीच मागवला होता ना? वेळेवर आला.' एवढंच. मी तिथंच समजले.

तुला ते कधी कळू नये म्हणून मी तुला भेटले नाही. तुझी पत्रं आली तेव्हा वाटलं, कळलं असणार, आत शिव्या असणार. आणि नसल्या तर त्याहून वाईट. म्हणून उघडली नाहीत. पेपरात तुला पळपुटा म्हणाले, मी पेपर बंद केला. माझी नोकरी टिकली, मी वरिष्ठ कारकून झाले, निरोपाला शाल मिळाली, मानद सभासद झाले. आणि तू लाकडाच्या वखारीत फळ्या मोजत बसलास.

आता म्हण, हिने माझं नाव का सुचवलं.

२९ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. नसेलच.

काल तुझी पत्रं उघडली. चारही ओळीने, तारखांप्रमाणे. पहिलं माघारीनंतर चौथ्या दिवसाचं आहे. तेच इथे उतरवते, म्हणजे तुला कळेल मी कुठल्या लायकीची आहे:

'डॉक्टरीण म्हणाली तक्ता नवा आलाय, मागणी तुमच्या बहिणीची. बरं केलंस. जुना पार पिवळा पडला होता, तूच म्हणायचीस. मनाला लावून घेऊ नको. तसंही डोकं आता फार दुखतं, उस्तादांना सांगितलं नव्हतं. एक काम कर. रविवारी घर बदलतोय. दोन हमाल ठरव आणि तू ये. मी बरगडी मोडलेला माणूस, मला चारचौघांत कपाट उचलता येणार नाही.'

दादा, तुला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

आणि मी ते पाकीट खणात टाकलं. रविवारी हमाल आले नाहीत. ट्रकवाला खोळंबला असेल, म्हणून तूच पाठीवर घेतलंस. खाली तो वार्ताहर कॅमेरावाला घेऊन उभा. बरगडीबहाद्दर हे नाव त्याने ठेवलं असं मी बावीस वर्षं म्हणत आले. एक पाकीट उघडलं असतं तर तो फोटो झालाच नसता.

मला माझाच इतका संताप आलाय की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. आणि तुझाही आलाय. चार पत्रं लिहून थांबायचं? पाचवं नाही लिहायचं? दारात येऊन ओरडायचं नाही? एवढा मोठा देह देवाने तुला दिला तो कशाला?

उद्या बैठक आहे. तुझी सही नाही, प्रमाणपत्र नाही. मी बोलणार आहे. अडवायचं असेल तर उद्या अकराच्या आत संघटनेत फोन कर. नाही केलास तर संमती समजेन.

१ मे

दादा,

फोन आला नाही. मी बोलले.

पाठ केलं होतं, पण बसून बोलायला लागले आणि सगळं उलटसुलट झालं. आधी तक्ता सांगितला, मग डोळा, मग मागणीपत्र. त्याची कार्बन प्रत मी दफ्तरखोलीतून काढून नेली होती, ती टेबलावर ठेवली. सात घावांची साखळी तक्त्यावरून आली हे सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. शेवटी मी उभी राहिले आणि या गुडघ्यांवर, साडीचा पदर खोचून, हवेत मारून दाखवली. सातच्या सात. व्यवस्थापकांपैकी एक हसायला लागला आणि दुसऱ्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, 'हे खरं आहे. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी लिहिलं नाही. माझंही नाव घाला.' मी त्यांच्याविषयी वाईट विचार केला होता, तो मागे घेते.

वार्ताहराने आपली वही मिटली. मग त्याने मला विचारलं, 'ती बारा फेऱ्यांची लढत एका डोळ्याने?'

म्हटलं, 'हो.'

'आणि माघार तुमचं नाव येऊ नये म्हणून?'

'हो.'

'मग आम्ही लिहिलं तेव्हा तुम्ही का नाही बोललात?'

म्हटलं, 'घाबरले.'

अध्यक्ष कळवळून बोलले, पण बोलले ते नियमाचंच. 'माणूस मोठा आहे, बाई. पण अकरा तपासण्या फसवून खेळलेल्या अकरा लढती. उद्या एखादा आंधळा पोरगा रिंगमध्ये मेला तर मी भिंतीकडे बोट कसं दाखवू?' दादा, त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

मतं पडली. डॉक्टरबाई आणि वार्ताहर तुझ्या बाजूने. तिघं विरुद्ध. तू भिंतीवर लागणार नाहीस. पुन्हा अर्जही करता येणार नाही. माझं मानद सभासदत्व काढून घेतलं आणि दफ्तरखोलीची किल्ली तिथंच मागितली. दिली.

मी गप्प बसले असते आणि तुझी सही कशीतरी मिळवली असती, तर तू आज भिंतीवर असतास. हा हिशेब मी रस्ताभर करत आले. तुझी संधी मी घालवली, आता दुसऱ्यांदा. फरक एवढाच की या वेळी मुद्दाम घालवली. चुकलं असेल तर सांग.

पण निकालाच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते ऐक. 'वैद्यकीय तपासणीत फसवणूक.' फसवणूक. माघार नाही, पळ नाही. आणि आज सकाळच्या पेपरात, मागच्या पानावर, त्या वार्ताहराने स्वतःच्या नावाने लिहिलंय की बावीस वर्षांपूर्वी त्याने एका न घाबरलेल्या माणसाला घाबरट म्हटलं. छोटीशीच चौकट आहे. मी पाच अंक विकत घेतले, एक सोबत ठेवलाय.

निकाल सांगायला काल संध्याकाळी फोन केला तेव्हा वहिनीने उचलला. मी म्हटलं, दादाला दे. तर म्हणाली, 'ते अंगणात बसलेत. वन्सं, तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, पण आता काय लपवायचं? त्यांना दिसत नाही हो. उजवाही गेला, दीड वर्ष झालं. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते, उत्तरं ते सांगतात तशी मी लिहिते. तुम्ही फार चिडून लिहिलेलं असलं ना, की दोनदा वाचायला लावतात.'

आणि मी तुला आळशी म्हटलं.

मग मी विचारलं, तक्त्याच्या पत्रावर काय म्हणाला? वहिनी म्हणाली, 'काही नाही. उठले आणि हवेत सात ठोसे मारले. माझा दिवा फोडला.'

वहिनी, तू हे वाचत असशील तर इथून पुढचं जरा हळू वाच.

दादा, मला माफी मागता येत नाही, ती सवयच नाही मला. रविवारच्या पहाटेच्या गाडीने येतेय, अकरा तासांचा प्रवास आहे, दुपारी दोनपर्यंत पोचेन. वहिनीला म्हणावं, दार उघडायला तिने येऊ नये, तू ये. दाराबाहेर कोण उभं आहे ते तुला दिसणार नाही, म्हणून आधी मी बोलेन. माझा आवाज ऐक, आणि मग हवं तर दार लावून घे.

तुझी धाकटी